चूक आधी पुन्हा घडवून दाखवा



होमिओपॅथीच्या डॉक्टरनं सॉफ्टवेअरवर बोलावं, याचं आपल्याला नवल वाटलं असेल. पण आपल्या निपाणी-बेळगाव भागातली कितीतरी मुलं आज पुण्यात, बेंगळुरात हेच काम करतात. बेळगावात गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय १९७९ पासून आहे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून. आपण या मुलांना पगार विचारतो, काम विचारत नाही. मी विचारलं, तेही एका चुकीमुळं.

दवाखान्यातले केसपेपर मी संगणकावर घेतले होते. एके दिवशी कुऱ्हाडे आडनावाच्या मावशी आल्या. नाव टाकलं, नोंद सापडेना. मी नवा पेपर केला. मावशी म्हणाल्या, “डॉक्टर, मागं सगळं सांगितलं होतं की! साखर वाढलीय म्हणून तुम्हीच मोठ्या दवाखान्यात धाडलं होतं.” त्या बोलल्या नसत्या, तर माझ्यासमोर कोरा कागद होता.

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला. म्हटलं, लगेच दुरुस्त कर. तो म्हणाला, “अण्णा, आधी चूक पुन्हा घडवून दाखवा. जी घडवता येत नाही, ती गेली की नाही हे कसं कळणार?”

दाखवली. कारण आपल्या लिपीत निघालं. ‘ऱ्ह’मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं लिहिता येतो. नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढं न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला निराळे. माझ्याकडं दोघांनी दोन कळफलकांवर नोंदी केल्या होत्या. बरं, हा र टाकूनही चालत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या, हे आपल्याला सांगायला नको. ‘पक्षी’त आपण दोन अक्षरं मोजतो, यंत्र पाच चिन्हं मोजतं. म्हणून मुलाचा पहिला सल्ला असा, की प्रोग्रॅम तपासताना ‘राम’ टाकून समाधान मानू नका. आपल्या गावातली खरी, अवघड आडनावं टाका.

मग त्यानं सगळ्या नोंदींची प्रत घेतली. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, असं तो म्हणतो. नंतर एकच बदल केला. नाव साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपं एका रूपात आणायची. पुन्हा तपासलं. मावशींचा जुना पेपर समोर आला.

मला हानेमानचा ‘ऑर्गेनॉन’ आठवला. रुग्णाची प्रत्येक नवी तक्रार नव्या ओळीवर लिहा आणि एका वेळी एकच औषध द्या, असं तो सांगतो. दोन बदल एकदम केले, तर कशानं काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. बदल सांभाळायला ही मुलं गिट वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली लिहिलं. काय बदललं, ते गिट दाखवतं. का बदललं, ते मात्र माणसालाच लिहावं लागतं. मुलगा म्हणाला, सहा महिन्यांनी आपलाच कोड परक्याचा वाटतो, तेव्हा ती एक ओळ कामी येते.

त्या रात्री त्यानं आणखी एक सांगितलं, जे मला ठाऊक नव्हतं. मराठी माध्यमातून गेलेला हा मुलगा नोकरीच्या पहिल्या वर्षी बैठकीत तोंड उघडत नव्हता. इंग्रजी चुकेल ही भीती. एका अडचणीवर तो दोन दिवस एकटा अडून बसला. शेवटी शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं, तर ती दहा मिनिटांत सुटली. तेव्हापासून त्याचा नियम आहे. तासभर स्वतः झटायचं, काय काय करून पाहिलं ते लिहायचं आणि तो कागद घेऊन विचारायला जायचं. नवख्यांनाही तो हेच सांगतो.

मी फोनवर दर आठवड्याला विचारत होतो, “जेवलास का?” भीती वाटते का, हे कधी विचारलं नाही.

म्हणून संस्थेला माझी एक विनंती आहे. सुट्टीत ही मुलं गावी येतात. त्यांना या सभागृहात बोलवा. मराठीत, कानडीत, जमेल तसं बोलू द्या. यशाबरोबर चुकाही सांगू द्या. पुढच्या रांगेत बसलेल्या एखाद्या पोराचे दोन दिवस वाचतील.