छर्रा लागल्यानंतरचा तास



बडोद्याच्या मांडवीतून पूर्वेला चालत निघालं की जुन्या कोटाचा दरवाजा लागतो, पाणीगेट. तिथून रस्ता अजव्याकडे जातो. ज्या सयाजी सरोवराच्या पाण्यावर हे शहर शंभराहून अधिक वर्षं जगलं, ते सरोवर याच बाजूला. पुढे हालोल, पावागड आणि त्याच्याही पलीकडे जांबुघोड्याचं जंगल. बिबळे आणि अस्वलं तिथे आजही आहेत. संस्थानी अमलात गायकवाडांचा शिकारखाना होता, काळविटांवर सोडायला पाळीव चित्ते होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तो पुढे आणखी कडक झाला आणि हौशी शिकारीचा काळ संपला. शिकारीच्या गोष्टी मात्र उरल्या. त्या गोष्टींत जनावर कसं पडलं हे खुलवून सांगितलं जातं. बार चुकून सोबत्यालाच लागला, ही हकिगत सहसा बैठकीत निघत नाही.

आजचं बोलणं त्या हकिगतीबद्दल आहे. आपल्याच माणसाच्या बंदुकीचा छर्रा अंगात गेला आणि तरी जगले, अशा काही माणसांबद्दल.

पहिलं नाव बडोद्याच्या पोरासोरांच्याही तोंडी असतं, फक्त वेगळ्या कारणाने. रणजी. नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी. त्यांच्या नावाचा करंडक बडोद्याच्या संघाने १९४२-४३ मध्ये पहिल्यांदा जिंकला. पुढे १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी रचली, हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९. हे आकडे बडोद्यात अनेकांना पाठ आहेत. पण ज्या माणसाच्या नावाचा हा करंडक, त्याने आयुष्यातले शेवटचे प्रथम श्रेणीचे सामने एका डोळ्याने खेळले, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं.

ते झालं असं. १९१५ सालचा ऑगस्ट. पहिलं महायुद्ध पेटलेलं. जामसाहेब ब्रिटिश सैन्याबरोबर पश्चिम आघाडीवर गेले होते आणि त्या दिवसांत इंग्लंडमध्ये होते. ३१ ऑगस्टला यॉर्कशायरच्या माळरानावर, लँगडेल एंड या खेड्याजवळ, ते मित्रमंडळींबरोबर ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीला गेले. ते पायी चालत असताना मंडळींपैकीच एकाचा बार चुकला आणि छर्रा त्यांच्या उजव्या डोळ्यात शिरला. माळावरून स्कार्बरो, तिथून आगगाडीने लीड्स. लीड्सच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा डोळा वाचण्यासारखा राहिला नव्हता. तो काढावा लागला. पुढच्याच महिन्यात त्यांना ४३ वर्षं पुरी झाली, तीही आजारपणातच.

छर्‍याची बंदूक आणि गोळीची रायफल यांत फरक आहे, तो इथे सांगायला हवा. रायफलीतून एकच गोळी सुटते आणि ती फार लांबवर जीव घेऊ शकते. छर्‍याच्या काडतुसात शिशाचे बारीक दाणे भरलेले असतात. नळीतून सुटले की ते पसरत जातात आणि हवेच्या अडथळ्याने त्यांचा जोर पटकन ओसरतो. म्हणून तीस-चाळीस पावलांवरून अंगाला छर्रे लागलेला माणूस अनेकदा वाचतो. डोळ्याला मात्र ही सवलत नाही. ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान छर्रा, तोही जोर सरत आलेला, बुबुळाचा घात करायला पुरतो.

रणजींच्या फलंदाजीचा सगळा जीव नजरेत होता. सरळ यष्टीवर येणारा चेंडू मनगटाच्या नुसत्या वळणाने ते पायामागून सोडत. लेग ग्लान्सचा तो फटका त्यांनीच रूढ केला. इंग्लंडकडून १५ कसोटी सामन्यांत त्यांच्या ९८९ धावा आहेत, १८९६ मध्ये मँचेस्टरला पहिल्याच कसोटीत नाबाद १५४. एक डोळा गेला की मेंदूला दोन चित्रांची तुलना करून अंतर मापता येत नाही. पेल्यात पाणी ओततानासुद्धा धार बाहेर जाते. हळूहळू माणूस इतर खुणांवरून अंदाज बांधायला शिकतो, पण त्याला महिनोन्महिने लागतात.

आणि तरी १९२० मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, जामसाहेब ससेक्सकडून पुन्हा मैदानात उतरले. आठ वर्षं ते इंग्लंडमध्ये काउंटी सामना खेळले नव्हते. अंग सुटलं होतं. तीन सामन्यांत मिळून धावा झाल्या ३९. एका डोळ्याने कसं खेळावं याबद्दल त्यांना लिहायचं होतं आणि त्यासाठीच हा खटाटोप होता, असं सांगतात. क्रिकेटच्या इतिहासकारांनी या तीन सामन्यांना उतरती कळा म्हणून एखाद्या ओळीत उरकलं आहे. तो अन्याय आहे. १९६१ मध्ये मन्सूर अली खान पतौडी मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावून बसले आणि काही महिन्यांतच भारताकडून खेळले, त्याचं कौतुक करताना आपण थकत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पतौडी तेव्हा विशीत होते. सत्तेचाळिशीच्या राजाला कोणी मैदानात बोलावलं नव्हतं, तो आपणहून गेला. गंमत अशी की पतौडींचा अपघातही ससेक्सच्याच होव्ह शहरातला.

दुसरी हकिगत सायकलपटूची. ग्रेग लेमाँड. १९८६ मध्ये फ्रान्सची ‘तूर द फ्रान्स’ शर्यत जिंकणारा तो पहिला अमेरिकन. पुढच्याच वर्षी २० एप्रिलला तो कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ रानटी टर्कीच्या शिकारीला गेला. बरोबर मेहुणा आणि आणखी एक नातेवाईक. टर्कीला रंग चांगले ओळखू येतात, म्हणून या शिकारीत माणसं रानाच्या रंगात मिसळणारे कपडे घालून झुडपाआड बसतात. सगळी जोखीम तिथेच आहे: जनावरापासून लपलेला माणूस सोबत्यापासूनही लपलेला असतो. तिघे एकमेकांच्या नजरेआड झाले. झुडपात हालचाल झाली आणि मेहुण्याने चाप ओढला.

सुमारे साठ छर्रे पाठीत आणि उजव्या कुशीत घुसले. उजवं फुफ्फुस बसलं. अंगातलं निम्म्याहून अधिक रक्त वाहून गेलं. महामार्ग पोलिसांचं हेलिकॉप्टर त्याच वेळी जवळपास हवेत होतं, ते वळून आलं आणि त्याला थेट विद्यापीठाच्या इस्पितळात घेऊन गेलं. आणखी वीसेक मिनिटं गेली असती तर रक्तस्रावानेच तो गेला असता, असं डॉक्टरांचं मत पडलं. सुमारे पस्तीस छर्रे त्याच्या अंगातच राहिले, त्यातले काही हृदयाच्या आवरणात. ते काढायला जाणं ठेवण्यापेक्षा धोक्याचं होतं.

चार महिन्यांनी आतडं अडकलं, पुन्हा पोट उघडावं लागलं. त्याने शल्यचिकित्सकांना विनवून त्याच वेळी अपेंडिक्सही काढून घेतलं आणि संघाला सांगितलं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. गोळीचं दुखणं अजून निघतंय हे कळलं तर संघ आपल्याला ठेवणार नाही, ही त्याची भीती होती. त्या काळातल्या खेळाडूच्या नोकरीची ही खरी अवस्था. १९८९ च्या इटलीच्या शर्यतीत तो इतका मागे पडला की सोडून द्यायच्या विचारात होता. रक्त तपासलं तर लोह कमी निघालं.

त्याच वर्षी २३ जुलैला तूर द फ्रान्सचा व्हर्साय ते पॅरिस असा साडेचोवीस किलोमीटरचा शेवटचा टप्पा होता. लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्यॉनपेक्षा ५० सेकंदांनी मागे. ताशी ५४ किलोमीटरच्या वर वेग ठेवून त्याने ते अंतर तोडलं आणि तीन हजार दोनशेहून अधिक किलोमीटरांची शर्यत आठ सेकंदांनी जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. १९९४ मध्ये मात्र अंगातली ताकद सरली म्हणून त्याने खेळ सोडला. शरीरात राहिलेल्या शिशाचाही त्यात हात असावा, असं त्याचं म्हणणं.

शिशाची ही शंका हवेतली नाही. स्नायूत रुतलेल्या छर्‍याभोवती शरीर पापुद्रा धरतं आणि तो बहुधा निपचित पडून राहतो. सांध्यात गेलेला छर्रा वेगळा. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात शिसं विरघळतं आणि रक्तात उतरतं. अशा माणसाला वर्षांनंतर पोटदुखी, अशक्तपणा, रक्तक्षय सुरू झाला तर कारण जुन्या जखमेत असू शकतं. रक्तातलं शिसं तपासता येतं. डॉक्टरांना जुनी हकिगत सांगितली तरच त्यांना ते सुचेल.

तिसरं नाव जगभर गाजलं. ११ फेब्रुवारी २००६ ला टेक्सासमध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी लाव्यांची शिकार करत होते. बरोबरचे ७८ वर्षांचे वकील हॅरी व्हिटिंग्टन पाडलेला पक्षी आणायला मागे गेले होते, ते परतून रांगेत येत होते. चेनी उडत्या लाव्यामागे वळले आणि बार व्हिटिंग्टन यांच्या चेहर्‍यावर, मानेवर, छातीवर बसला. उपराष्ट्राध्यक्षांबरोबर वैद्यकीय पथक आणि रुग्णवाहिका असते, म्हणून उपचार जागेवरच सुरू झाले. तीन दिवसांनी एक छर्रा हृदयापाशी सरकून हृदयविकाराचा सौम्य झटका आला. तेही निभावलं. इस्पितळातून बाहेर आल्यावर व्हिटिंग्टन यांनी चेनी कुटुंबाला झालेल्या मनस्तापाबद्दल वाईट वाटतं असं सांगितलं, तेव्हा ऐकणारे चकित झाले. ते २०२३ मध्ये वारले, ९५ वर्षांचे होऊन.

एक राजा, एक विजेता, एक उपराष्ट्राध्यक्षांचा सोबती. तिघांनाही तातडीची मदत मिळाली आणि तिघांचीही नावं राहिली. आपल्याकडच्या हाक्यांत डबे वाजवत, आरडाओरडा करत रानातून जनावर रेटत आणणारे हाकारे दुनळीच्या तोंडासमोरच चालत येत. त्यांतल्या कोणाला बार लागला, कोण जगला, कोण लंगडा झाला, हे लिहून ठेवण्याची तसदी संस्थानी शिकारीच्या पुस्तकांनी क्वचितच घेतली. ती उणीव आता भरून निघणार नाही, याचं वाईट वाटतं.

आणि आजही हे संपलेलं नाही. २०२५ च्या जानेवारीअखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, बोरशेतीच्या जंगलात गावकर्‍यांचा एक गट रानडुकराच्या शिकारीला गेला. डुक्कर समजून एकाने बार काढला, तो सोबत्याला लागला. पोलिसांना कळवण्याऐवजी बरोबरच्यांनी मृतदेह झुडपात लपवला. काही दिवसांनी तो सापडला. शिकार बेकायदा, बंदूक बेकायदा, मग तोंड कसं उघडायचं, हे भय समजतं. पण या भयापोटी जखमी माणसाचा तो पहिला तास वाया जातो, आणि जो जगू शकला असता तोही हातचा जातो.

म्हणून एक गोष्ट पाणीगेटपासून पालघरपर्यंत प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे की, जखमीचा जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य. पोलिसांचे सोपस्कार त्यानंतर. सरकारी असो वा खासगी, इस्पितळाने ‘आधी पोलिसांत जा’ म्हणून परत पाठवायचं नाही. त्या प्रकरणात स्कूटरवरच्या एका जखमीला दुसर्‍या, वीस किलोमीटर दूरच्या इस्पितळाची वाट दाखवण्यात आली होती, आणि तो वाटेतच गेला.

मदत येईपर्यंत काय करायचं तेही थोडक्यात. आधी बंदूक रिकामी करून बाजूला ठेवावी. १०८ ला फोन लावावा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाची घडी ठेवून घट्ट दाबून धरावी, सारखी उचलून पाहू नये. सुरीच्या टोकाने, चिमट्याने छर्रे उकरून काढू नयेत. आत राहिलेला छर्रा कधी कधी रक्त रोखून धरत असतो. डोळ्याला लागलं असेल तर मात्र अजिबात दाबायचं नाही, धुवायचंही नाही. कागदी पेल्यासारखं काही डोळ्यावर उपडं, हाडावर टेकेल असं धरून तसंच न्यावं. तोंडाने खायला-प्यायला देऊ नये, कारण लगेच भूल द्यावी लागू शकते. जखमी शुद्धीवर असला, बोलत असला, छर्रे ‘नुसते कातडीत’ दिसत असले, तरी न्यायचंच. व्हिटिंग्टन यांच्या हृदयाने तिसर्‍या दिवशी दगा दिला, हे विसरू नये.

बरं होऊन घरी आलेल्याने आपला क्ष-किरणाचा फोटो जपून ठेवावा. शिशाचा छर्रा चुंबकाला दाद देत नाही, पण हल्ली पोलादाचेही छर्रे मिळतात आणि एमआरआयच्या यंत्रात ते अंगातल्या अंगात हलू शकतात. वीस वर्षांनी गुडघ्याच्या किंवा कंबरेच्या तपासणीला गेलात, तरी यंत्राजवळच्या माणसाला आधी सांगा की अंगात छर्रे आहेत.