वाट दाखविणारें यंत्र निवडतांना

माझा एक जुना विद्यार्थी येत्या पावसाळ्यांत चार मित्रांसह सह्याद्रींतल्या कांहीं घाटवाटा उतरून कोंकणांत जाणार आहे. डोंगरांत वाट चुकूं नये म्हणून जी. पी. एस.चें हातांत धरण्याजोगें यंत्र विकत घ्यावें, असा त्याचा बेत. तीन-चार यंत्रांचीं माहितीपत्रकें घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, यांतलें कोणतें घेऊं?" मीं पत्रकें बाजूला ठेवलीं व त्यालाच विचारलें, "तुझ्या खिशांतल्या मोबाईलला काय जमत नाहीं, तें आधीं सांग पाहूं." त्याला उत्तर देतां येईना. प्रश्नाला प्रश्नानें उत्तर देणें ही शिक्षकाची जुनी खोड खरी. पण ज्याला हा प्रश्न सुटला त्याची निम्मी खरेदी झाली, असें माझें मत आहे.

श्रोतेहो, जी. पी. एस.चे उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात, आणि प्रत्येक उपग्रह आपल्या घड्याळांतली वेळ व आपली जागा एकसारखी सांगत असतो. आपल्या हातांतलें यंत्र आकाशाकडे कांहींच पाठवीत नाहीं. तें केवळ ऐकतें. कोणत्या उपग्रहाची हांक किती उशिरां पोंचली यावरून तें अंतरें काढतें, आणि निदान चार उपग्रह ऐकूं आले कीं अक्षांश, रेखांश, उंची व नेमकी वेळ या चारी गोष्टी त्याला कळतात. मोबाईलमध्येंहि असाच कान बसविलेला असतो. रेंज गेली कीं जी. पी. एस. बंद पडतो, ही समजूत चुकीची आहे. नकाशा घरींच उतरवून घेतला असेल, तर रेंज नसलेल्या रानांतहि मोबाईल आपली जागा दाखवितो. पूर्वीं अमेरिका सर्वसामान्यांच्या वापराच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळीत असे व जागा शंभर मीटरांपर्यंत चुके. मे २००० च्या आरंभीं ती भेसळ बंद झाली. आतां रशिया, युरोप आणि चीन यांचेहि उपग्रह आहेत, आणि बहुतेक नवीं यंत्रें एकाहून अधिक देशांचे उपग्रह ऐकतात. तेव्हां माहितीपत्रकावरील उपग्रहांच्या लांबलचक नामावळीला भुलण्याचें कारण नाहीं. उघड्या माळावर सारींच यंत्रें शहाणीं असतात.

मग वेगळें यंत्र हवें तरी कशाला? याचें उत्तर मला २०१६ च्या ऑगस्ट महिन्यांत हरिश्चंद्रगडावर मिळालें. आम्ही सात जण खिरेश्वरहून तोलार खिंडीच्या वाटेनें वर गेलों होतों. देवळाजवळ दुपारचीं भाकरी खाऊन परत निघालों तों असें धुकें उतरलें कीं दहा पावलांपुढचा माणूस दिसेना. त्या पठारावर एकामागून एक सारख्याच दिसणाऱ्या टेकड्या आहेत, आणि माणसांच्या वाटेहून ढोरवाटाच अधिक ठळक उमटलेल्या. आमच्याजवळ चार मोबाईल होते. पैकीं दोन पाण्यानें मेले. तिसऱ्याच्या कांचेवर पावसाचे थेंब पडत, ते त्याला बोटाचा स्पर्श वाटत, आणि नकाशा आपोआप सरकून कधीं मुंबईस तर कधीं अरबी समुद्रांत जाई. चौथ्याची बॅटरी सकाळपासून छायाचित्रें काढण्यांत संपली होती.

एका मित्राजवळ मात्र जुनें हातयंत्र होतें. त्यांत नकाशा नव्हता; दिशा व अंतर दाखविणारा एक बाण तेवढा होता. गाडी खिरेश्वरला उभी केली त्या जागेची खूण त्यानें सकाळीं यंत्रांत करून ठेवली होती. आम्हीं ती खूण काढली आणि बाणाच्या मागें चालूं लागलों. यंत्र अंतर कमी-कमी दाखवूं लागलें तसतसे सर्वांचे चेहरे उजळले. अर्ध्या तासानें पुढें चालणारा एकदम थबकला. पायांपुढें गवत संपलें होतें आणि खालून वारा वर येत होता. एकानें धोंडा उचलून पुढें टाकला. त्याच्या पडण्याचा आवाज आलाच नाहीं.

यंत्राची कांहीं चूक नव्हती. खिरेश्वर त्याच दिशेला होतें. मध्यें कडा होता एवढेंच. बाण सांगतो तें कावळ्याच्या उड्डाणाचें अंतर. सपाट वाळवंटांत तेवढ्यावर भागत असेल, सह्याद्रींत भागत नाहीं. तेथेंच बसून ओल्या बोटांनीं यंत्र चाळतां चाळतां कोणाच्या तरी ध्यानांत आलें कीं, सकाळीं सुरू केल्यापासून यंत्रानें आपण चाललेल्या वाटेची रेघ राखून ठेवली आहे. मग त्या रेघेवरून, दर पन्नास पावलांवर थांबत, आम्ही तोलार खिंडींत आलों. अंधार पडावयास तेव्हां अर्धा तास उरला होता.

तेव्हांपासून मीं यंत्र पाहावयास घेतलें कीं पहिली परीक्षा ही: चाललेली वाट तें राखतें का, आणि त्याच वाटेनें उलट परत नेतें का? ही सोय बहुतेक सर्व हातयंत्रांत असते. परंतु घेणाऱ्यांपैकीं फार थोडे ती वापरून पाहतात. दुसरी परीक्षा कळांची. पडद्याला बोट लावून चालणारीं यंत्रें दुकानांत फार देखणीं दिसतात. मीं मात्र कळा दाबून चालणारेंच सुचवितों, कारण पावसांत आणि हातमोज्यांत कळच खरी. तिसरी परीक्षा सेलची. कोणत्याहि खेड्यांतल्या दुकानांत मिळणारे दोन पेन्सिल सेल ज्यांत चालतात तें यंत्र दूरच्या प्रवासांत कधीं निराधार होत नाहीं. गार्मिन कंपनीनें २०१९ सालीं काढलेलीं इट्रेक्स २२ एक्स व ३२ एक्स हीं या जातीचीं; दोन सेलवर २५ तास चालतात, असें कंपनी सांगते. त्याच कंपनीच्या जीपीएसमॅप ६७ मध्यें, जें २०२३ सालीं आलें, आंतच बॅटरी आहे व ती १८० तास पुरते असें म्हणतात. हिशेब मोठा आहे. पण ती संपली तर विजेच्या जोडणीवांचून गत्यंतर नाहीं. चार दिवसांच्या घाटवाटांना मीं सेलच पसंत करीन. लडाखसारख्या थंडींत जावयाचें असेल तर साध्या अल्कलाईन सेलऐवजीं लिथियमचे घ्यावे. साधे सेल गारठ्यांत लवकर बसतात. पाण्याविषयीं माहितीपत्रकांत आयपीएक्स ७ असें लिहिलेलें असावें. एक मीटर पाण्यांत अर्धा तास बुडालें तरी यंत्र टिकावें, असा त्याचा अर्थ.

२२ एक्स व ३२ एक्स यांत मुख्य फरक दोन. दुसऱ्यांत होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आहे. होकायंत्र नसलेल्या यंत्राला आपण चालत असतांनाच दिशा कळते. उभे राहिलांत कीं बाण भरकटतो. धुक्यांत माणूस बहुतेक वेळ उभाच असतो, हें लक्षांत घेतां वरचा खर्च मला उधळपट्टी वाटत नाहीं. उंचीमापकाची गोष्ट अधिक गंमतीची. समुद्रसपाटीजवळ हवेचा दाब एक मिलिबारनें उतरला म्हणजे आपण सुमारें आठ मीटर वर चढलों, असें तो धरून चालतो. त्यामुळें वादळ येऊं लागलें व दाब उतरला, तर तंबूंत निजलेला मनुष्य पहाटे यंत्राच्या मतें तीस-चाळीस मीटर वर चढलेला असतो! रोज सकाळीं नकाशांतल्या ज्ञात उंचीशीं तो जुळवून घेतला, तर मात्र डोंगराच्या उतारावर आपण कोणत्या समोच्च रेषेवर उभे आहोंत हें तो फार चांगलें सांगतो, आणि घाटवाटेंत तेंच हवें असतें.

नाळेनें उतरावयाचें असेल तर आणखी एक अडचण येते. दोहों बाजूंना उंच भिंती, वर आकाशाची चिंचोळी पट्टी. उपग्रहाचा संकेत सरळ न येतां कातळावर आपटून येतो, आणि यंत्र आपली जागा भलतीकडे, कधीं भिंतीच्या पलीकडेहि दाखवितें. दोन निरनिराळ्या लहरींवर ऐकणारीं यंत्रें या फसवणुकीला कमी बळी पडतात. २०२० सालचीं जीपीएसमॅप ६५ व ६५ एस हीं तशीं असून पेन्सिल सेलवरच चालतात. केवळ गडकिल्ल्यांच्या मळलेल्या वाटांनीं जाणारास त्यांची गरज नाहीं.

नकाशाविषयीं मला थोडें अधिक बोललें पाहिजे, कारण दुकानदार याविषयीं बोलत नाहींत. यंत्राबरोबर आलेल्या नकाशांत मोठे रस्ते असतात. आपली पाऊलवाट क्वचितच असते. समोच्च रेषा असलेला नकाशा निराळा मिळवून यंत्रांत भरतां येतो कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें. सोबत सर्व्हे ऑफ इंडियाचा १ : ५०,००० प्रमाणाचा कागदी नकाशा असावा. मात्र एक सावधगिरी. आपले जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत आणि जी. पी. एस. चालतो तो डब्ल्यू. जी. एस. ८४ या मापनावर. एकाचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे दुसऱ्यावर मांडले तर आपल्या सह्याद्रींत शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो. पठारावर तो पोटांत घालतां येईल. कड्याच्या कांठीं नाहीं. यंत्रांत मापन बदलण्याची सोय असते, ती शोधून ठेवावी.

उपग्रहामार्फत संदेश पाठविणारीं यंत्रेंहि निघालीं आहेत, व परदेशांतलीं आपलीं मुलें तीं प्रेमानें पाठवूं पाहतात. त्यांना तसें करूं देऊं नका. भारतांत दूरसंचार विभागाच्या परवानगीवांचून असें यंत्र जवळ ठेवणें हा गुन्हा ठरतो, आणि विमानतळावर तीं सापडल्यामुळें परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे. साध्या, केवळ ऐकणाऱ्या जी. पी. एस. यंत्राची गोष्ट वेगळी. आपण कोणत्या वाटेनें जाणार व केव्हां परतणार, हें कागदावर लिहून घरीं आणि पायथ्याच्या गांवांत देऊन ठेवणें, हा उपाय अजून कोणी बंद केलेला नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यानें अखेर कळांचें, पेन्सिल सेलवर चालणारें, होकायंत्र असलेलें यंत्र घेतलें. पावसाळ्यापूर्वीं ओळखीच्या डोंगरावर तें वापरून पाहा, असें मीं त्याला बजावलें होतें; म्हणून गेल्या रविवारीं तो सिंहगडावर गेला. गड त्याच्या पायाखालचा. अर्ध्या वाटेंत त्यानें मुद्दाम सेल बदलले आणि होकायंत्र पुन्हां जुळवून घेण्यास विसरला. पुढें पुणें दरवाजा डोळ्यांसमोर दिसत असतां बाण खडकवासल्याकडे बोट दाखवीत होता. रात्रीं त्याचा फोन आला, "सर, यंत्र बिघडलें." मीं त्याला यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंतला होकायंत्राचा भाग वाचावयास सांगितलें. तो त्यानें अद्याप उघडलेला नव्हता.