मिलिंद राजाचे ग्रीक आणि आपले सोपारा
(विहारात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय प्राचीन ग्रीक संस्कृती. काही जण म्हणतील, कुठे ग्रीस आणि कुठे वाणगाव! तर आम्ही एवढेच विचारतो, आपल्या वस्तीत मिलिंद नावाची मुले किती? गल्लीत एक तरी सापडतोच. शब्दकोशात मिलिंद म्हणजे भुंगा असा अर्थ दिलेला असतो; पण आपल्या घरात हे नाव आले ते राजावरून. मिनँडर नावाच्या ग्रीक राजाला पाली भाषेने मिलिंद केले. डॉ. बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. राजा आणि त्याला उत्तरे देणारा भिक्खू, दोघेही तिथे शेजारी शेजारी आले.

आता हे ग्रीक कोण? समुद्रकाठची छोटी छोटी नगरराज्ये. त्यांत अथेन्स आणि स्पार्टा ही मोठी. इराणच्या बादशहाने त्यांच्यावर स्वारी केली तेव्हा इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सने त्याला हरवले. दहा वर्षांनी पुन्हा स्वारी झाली. थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टाचा राजा लिओनिडास पडला आणि सालामिसच्या समुद्रात इराणी आरमार बुडाले. गंमत अशी की, त्या इराणी फौजेत सुती कपडे घातलेले, वेताची धनुष्ये घेतलेले हिंदी सैनिक होते, असे हेरोडोटसने लिहून ठेवले आहे. पुढे अथेन्स आणि स्पार्टा आपसातच लढले, इ.स.पू. ४३१ ते ४०४, आणि दोघेही खिळखिळे झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, प्रश्न विचारतो म्हणून सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसला अथेन्सने विषाचा पेला दिला.

शाळेच्या पुस्तकात अथेन्सला लोकशाहीची जननी म्हणतात. खरे आहे, पण अर्धेच. मत होते ते नागरिक पुरुषांना. बायकांना नाही, गुलामांना तर नाहीच. सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याने माणसांचे स्वभावावरून तीन वर्ग पाडले. बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील भाषणात चातुर्वर्ण्याशी त्याची तुलना करून ही वाटणी मोडीत काढली. माणूस माणसासारखा नसतो, तो दोन-चार खणांत कसा बसवणार?

आणि इथे एक फार महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. मज्झिम निकायात अस्सलायन सुत्त आहे. अस्सलायन हा तरुण ब्राह्मण भगवंतांशी वाद घालायला येतो, ब्राह्मण वर्णच श्रेष्ठ म्हणतो. भगवंत त्याला विचारतात, यवन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास; तिथे मालकाचा दास होतो आणि दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? त्याने ऐकलेले असते. म्हणजे वर्ण ही जगाची घडण नाही, त्या त्या मुलखाची चाल आहे. भगवंतांनी यवनांची स्तुती केलेली नाही, त्यांची गुलामी लपवलेली नाही. पण वादात त्यांचा दाखला मात्र नेमका ठेवला. मनुस्मृतीने याच यवनांना कर्मलोपाने शूद्र झालेले क्षत्रिय ठरवले. त्यांना आपल्या यादीत एक खण देऊन टाकला, झाले.

यवन हा शब्द आयोनिया या ग्रीक प्रदेशावरून आला. बखरींतून तो मुसलमानांना लागला ती फार नंतरची गोष्ट.

इ.स.पू. ३२६ मध्ये सिकंदर झेलमकाठी पोरसाशी लढला आणि बियास नदीवरून परत फिरला. त्याचा सेनापती सेल्युकस याने चंद्रगुप्त मौर्याशी तह करून मुलूख दिला आणि ५०० हत्ती घेतले. चंद्रगुप्ताचा नातू सम्राट अशोक. कलिंगाच्या रक्तपातानंतर त्याने तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावे कोरली आणि त्यांच्या राज्यांतही धम्मविजय झाल्याचे सांगितले. त्याच लेखमालेचा आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना आपल्या सोपाऱ्याला मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच भुईगावला सापडला, तोही १९५६ साली! वाणगावहून लोकल धरली की विरारच्या पुढचे स्टेशन नालासोपारा.

महावंस सांगतो की, तिसऱ्या संगीतीनंतर अपरान्तात, म्हणजे आपल्या या किनारपट्टीवर, धम्म सांगायला योन धम्मरक्खित थेर आले. योन म्हणजे यवन. आपल्या कोकणात धम्म घेऊन आलेले हे थेर परदेशी कुळातले होते. त्यांची जात कोणी विचारली असेल काय?

त्यानंतर शंभरेक वर्षांनी पंजाबात मिलिंद राजा झाला. राजधानी सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातले सियालकोट. नाण्याच्या एका बाजूला ग्रीक अक्षरे, दुसरीकडे खरोष्ठीत प्राकृत. 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात तो भिक्खू नागसेनांना वादाला बोलावतो. नागसेन विचारतात, महाराज, पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा? पंडित हरला तर रागावत नाही. राजा मात्र पटले नाही की शिक्षा फर्मावतो. मिलिंद म्हणतो, पंडितांसारखा. ज्या अथेन्सने सॉक्रेटिसला मारले, त्याच भाषेचा राजा इथे तलवार बाजूला ठेवून बसतो! त्याच्या मृत्यूनंतर नगरांनी त्याच्या अस्थी वाटून घेऊन स्मारके उभारली, असे ग्रीक लेखक प्लुटार्क लिहितो. भगवंतांच्या अस्थींचीही अशीच वाटणी झाली होती, हे आपण जाणतोच.

राजाचे ठीक आहे. पण साध्या यवनांनी काय केले? जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. नाशिकच्या १७ व्या लेण्यात उत्तरेकडच्या दत्तामित्री गावच्या इंद्राग्निदत्त यवनाचा लेख आहे. त्याने आईवडिलांच्या स्मरणार्थ लेणे कोरवले आणि पुण्याईत मुलगा धम्मरक्खित याचेही नाव घातले. बापाच्या नावात इंद्र आणि अग्नी, मुलाच्या नावात धम्म. 

पुढच्या सहलीला मंडळाने कार्ल्याला जायचे ठरवले तर चैत्यगृहात नुसते फोटो काढून परतू नका. खांबांवरची अक्षरे पाहा. धेनुकाकट गावच्या सिंहध्वज यवनाचा तिथे खांब आहे, धम्म नावाच्या यवनाचा आहे. आणि त्याच सभागृहात एक खांब सोपाऱ्याचा आहे. धम्मुत्तरीय पंथाच्या सातिमित्र नावाच्या भाणकाने, म्हणजे सुत्तपठण करणाऱ्याने, तो अस्थिधातूंसह दान दिलेला आहे.