बिनकिल्लीचे दार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



छोट्या धंद्यात किल्ल्यांचा हिशेब ठेवणे हे गल्ल्याचा हिशेब ठेवण्याइतकेच जिकिरीचे काम आहे. एक किल्ली मालकाकडे, एक सकाळी दुकान उघडणाऱ्या मुलाकडे, एक साफसफाईच्या मावशींकडे. यातले कोणी काम सोडून गेले तर किल्ली परत घेता येते. पण तिची नक्कल झाली आहे की नाही, हे कोण सांगणार? मग कुलूपच बदलायचे आणि सगळ्यांना नव्या किल्ल्या वाटायच्या. हा त्रास टाळण्यासाठी पॅथॉलॉजी लॅब, सी.ए.चे ऑफिस, क्लासेस, लहानमोठी गोदामे अशा ठिकाणी किल्लीविना उघडणारी दारे आली. नंबर दाबा, कार्ड टेकवा किंवा थंब लावा, दार उघडते. माणूस गेला की यादीतून त्याचे नाव काढायचे. सोय खरोखरच मोठी आहे. मात्र ही दारे बसवताना आणि दुरुस्त करताना एक गोष्ट वारंवार दिसते. बाहेरचा माणूस आत येऊ नये याची चौकशी प्रत्येक गिऱ्हाईक करते. आतला माणूस अडचणीच्या वेळी बाहेर कसा पडेल, हे फार थोडे जण विचारतात.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. दाराबाहेर दिसतो तो रीडर. आलेला माणूस यादीत आहे की नाही हे ठरवतो तो कंट्रोलर. आणि प्रत्यक्ष दार धरून ठेवते ते विजेचे कुलूप. काचेच्या दारांवर बहुधा चुंबकी कुलूप असते. चौकटीला विद्युतचुंबक आणि दाराला लोखंडी पट्टी. छोट्या ऑफिसात नेहमी दिसणारा चुंबक सहाशे पौंडांचा, म्हणजे सुमारे २७० किलो ओढ सहन करणारा असतो. त्याला १२ व्होल्टची वीज सतत लागते. वीज थांबली की पकड सुटते आणि दार मोकळे होते. दुसऱ्या प्रकारात खटका असतो. वीज गेली तरी तो बाहेरून बंदच राहतो; आतून मात्र साध्या हँडलने दार उघडता आले पाहिजे. ज्या कुलपाला आतून उघडायलाही वीजच लागते आणि हँडलही नाही, ते बाहेर पडण्याच्या दारावर कधीही बसवू नये.

हे इतके ठासून सांगण्याचे कारण आपल्या पुण्यातच आहे. डिसेंबर २०१६ मध्ये कोंढव्यातील एका बेकरीला पहाटे आग लागली. आत झोपलेले सहा कामगार दगावले. दुकानाला बाहेरून कुलूप होते. मे २०१९ मध्ये उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानात तसेच घडले आणि पाच कामगार गेले. तेथेही दार बाहेरून बंद होते. ही साधी कुलपे होती, विजेची नव्हती. पण धडा दोन्हींना लागू आहे. दुकानात, पोटमाळ्यावर माणसे झोपत असतील, तर बाहेरच्या कुलपाने माल सुरक्षित राहतो आणि माणसे अडकतात. बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीविना उघडता आले पाहिजे, असे २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिताही सांगते. येथे किल्ली म्हणजे कोड आणि कार्डही, असाच अर्थ घ्यावा. धुराने डोळे झोंबत असताना चार आकडे कोणाला आठवणार?

म्हणून चुंबकी कुलूप बसवताना आतल्या बाजूला दोन गोष्टी हव्यात. एक, रोजच्या वापराचे बटण. दुसरी, हिरव्या रंगाची आपत्कालीन पेटी. तिची काच दाबली की चुंबकाची वीज थेट तुटते. थेट हा शब्द महत्त्वाचा आहे. ही तार कंट्रोलरमधून फिरवून आणली, तर कंट्रोलर बिघडला त्या दिवशी पेटी नुसती शोभेची राहते. इमारतीत आगीची सूचना देणारी यंत्रणा असेल, तर ती वाजताच कुलूप सुटेल अशी जोडणीही करून घ्यावी.

आता चोराची बाजू पाहू. स्वस्त यंत्रात रीडर आणि कंट्रोलर एकाच डबीत असतात आणि ती डबी दाराबाहेर असते. दोन स्क्रू काढून आतल्या दोन तारा जोडल्या की दार उघडते. त्याला ना कोड लागतो ना कार्ड. कुलूप सोडणारा रिले नेहमी आतल्या बाजूला बसवून घ्यावा. कार्डांचेही तसेच. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी साधी कार्डे आपला क्रमांक उघडपणे सांगतात आणि त्यांची नक्कल स्वस्त यंत्रावर होते. म्हणजे किल्लीवाल्याचा प्रश्न पुन्हा दारात! १३.५६ मेगाहर्ट्झची सांकेतिक भाषा वापरणारी कार्डे घ्यावीत. पण त्यातल्याही जुन्या मायफेअर क्लासिकचे संरक्षण संशोधकांनी २००८ मध्येच फोडले आहे. कोडचे यंत्र असेल, तर कारखान्यातून आलेला मास्टर कोड पहिल्याच दिवशी बदलावा. त्याच चार बटणांवरचे आकडे पुसट झाले की कोड अर्धा फुटलाच, म्हणून तो अधूनमधून बदलत राहावा.

थंबची गंमत वेगळी. पिठात, चुन्यात, सिमेंटात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. अशा माणसाला सकाळी दारात ताटकळत ठेवण्यापेक्षा कार्ड द्यावे. शिवाय कोड बदलता येतो, कार्ड रद्द करता येते. बोट बदलता येत नाही. म्हणून कोणाचे ठसे कोठे साठवले आहेत, हे मालकाला ठाऊक हवे आणि कामगार गेला की ते पुसायला हवेत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदाही झाला आहे.

देखभालीसाठी महिन्यातून दहा मिनिटे पुरतात. यंत्राचा पुरवठा बंद करावा आणि ते बॅटरीवर चालते का, ते पाहावे. छोटा चुंबक साधारण अर्धा अँपिअर वीज घेतो. सात अँपिअर-तासांची नवी बॅटरी त्याला हिशेबाने दहा-बारा तास पुरते. जुनी झाली की तासाभरातही मान टाकते. रात्री बॅटरी संपली की चुंबक सुटणारच. म्हणून दुकान रिकामे असताना बाहेरच्या शटरला नेहमीचे कुलूप हवेच; ते लावण्याआधी आत, पोटमाळ्यावर कोणी नाही ना, ते पाहावे. दार लागत नाही, अशी तक्रार असेल तर आधी डोअर क्लोजर तपासावा. त्याचे तेल गळाले की दार बोटभर उघडे राहते आणि दोष मात्र कुलपाला येतो. लोखंडी पट्टी रबरी वॉशरवर किंचित हलती असावी लागते. कोणी ती ताकदीने आवळली की ती चुंबकावर सपाट बसत नाही आणि पकड कमी होते. पट्टीवर रंग किंवा गंज नको. मग यादी काढून, गेलेल्या माणसांची नावे खोडावीत. आणि शेवटी आपत्कालीन पेटीची चाचणी घ्यावी.

करार करताना मालकांनी आणखी एक काळजी घ्यावी. मास्टर कोड बसवणाऱ्याच्या डायरीत राहू देऊ नये. तो बंद पाकिटात आपल्याकडे ठेवावा. बसवणारा दुसऱ्या गावी गेला किंवा त्याने धंदा बंद केला, तर आपल्याच दाराबाहेर उभे राहण्याची पाळी येते.

नवे दार बसवून झाले, की बिल चुकते करण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. आपल्याकडच्या सगळ्यात नवख्या कामगाराला आत उभे करा, दिवे आणि यंत्राची वीज बंद करा, आणि काहीही न सांगता त्याला बाहेर यायला सांगा. तो लगेच बाहेर आला, तर पैसे द्या. नाही आला, तर बसवणाऱ्याला तिथेच थांबवून काम पुरे करून घ्या.