पोटाचा घेर आणि रक्ताची गुठळी
(ब्रह्मपुरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



सुटलेले पोट हे आपल्याकडे अजूनही खात्यापित्या घरचे लक्षण मानले जाते. चरकाचार्यांनी मात्र अतिस्थूल पुरुषाची गणना आठ निंदित देहांत केली, आणि स्थौल्यापेक्षा कृशता बरी, असा निर्वाळाही दिला.

आधुनिक विज्ञानाने त्यामागील एक कारण उलगडले आहे. जखम झाली की रक्त गोठते. काम सरल्यावर ती गुठळी विरघळविण्याची सोयही शरीरातच असते. पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठणारा मेद कोठारातील धान्यासारखा निपचित पडून राहत नाही. स्थूलतेत 'पीएआय-१' नावाचे प्रथिन रक्तात वाढते आणि ते या विरघळविणाऱ्या यंत्रणेलाच आवर घालते. मेदातून निघणाऱ्या दाहजनक द्रव्यांमुळे यकृत फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचे धागे ज्यापासून विणले जातात ते द्रव्य, अधिक बनवते. गुठळी लवकर होते आणि लवकर विरत नाही. अशा वेळी हृदयाच्या धमनीतील चरबीचा थर फाटला, तर त्यावर साकळलेले रक्त धमनीच बंद करते. हाच हृदयविकाराचा झटका.

"पण आम्ही कुठे लठ्ठ आहोत?" असे कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! म्हणून आपण वजनकाट्यावर विसंबू नये. शिंप्याची फीत घ्यावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर, ही भारतीयांसाठीची मर्यादा आहे.

शेजारच्या गडचिरोलीत तर अंगाने काटक माणसेच अधिक. तरीही 'सर्च' संस्थेने ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात केलेल्या नोंदींत दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झालेला आढळला. तेव्हा केवळ लठ्ठपणाला दोष देऊन भागणार नाही. न तपासलेला रक्तदाब आणि तोंडातला खर्रा यांचाही हिशेब मांडावा लागेल. खर्ऱ्यातील तंबाखूही हृदय व रक्तवाहिन्यांची वैरीण आहे.

आपला हा धानपट्टा. दिवसभर चिखलात रोवणी करणाऱ्याला ताटभर भात पचतो. दुकानाच्या गादीवर वा कार्यालयाच्या खुर्चीवर बसणाऱ्याने तेवढाच भात खाल्ला, तर तो कमरेवर जमा होतो. वजन थोडे उतरले तरी 'पीएआय-१'चे प्रमाण घटते, ही दिलाशाची बाब. गोठणे रोखणारी गोळी मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून सुरू करू नये.

आणखी एक. छातीत दाटून आले, घाम फुटला, की आपण 'गॅस झाला' म्हणून सोडा पीत बसतो. नागपूर येथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरे उपयोगी पडते. अशा वेळी रुग्णाला चालवू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि त्रास किती वाजता सुरू झाला, ते डॉक्टरांना आधी सांगावे.