एक खोली वाढवली, तर भरायचे किती?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस विकून चार पैसे उरले, की पोराच्या लग्नाआधी आपण घराला एक खोली जोडतो. काळ्या मातीत पाया खोल घ्यावा लागतो, नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंतीला भेग जाते. विटा, लोखंड, सिमेंटचा हिशेब आपण बोटांवर करतो. पंचायतीत मात्र सचिव सांगेल तो आकडा! आज तो हिशेब मांडू.

पहिला मुद्दा परवानगीचा. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्य सरकारने जाहीर केले, की ग्रामीण भागात 3200 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधायला नगररचनाकाराची परवानगी नको. भूखंड 1600 फुटांच्या आत असेल, तर मालकीचे कागद, परवानाधारक अभियंत्याच्या सहीचा नकाशा आणि ठरलेले शुल्क पंचायतीत दाखल केले की पुरे.

दुसरा मुद्दा कामगार उपकराचा. तो बांधकाम खर्चाच्या 1 टक्का. पण 1996 च्या कायद्याने 10 लाखांपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला त्यातून वगळले, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा 50 लाख झाली. आपली एक खोली कुठल्या हिशेबाने त्यात बसते? कोणी मागितलाच, तर लेखी मागा.

तिसरा मुद्दा घरपट्टीचा, आणि हा सर्वांत मोठा. बाकीचे एकदा भरायचे, हे दरवर्षी. शेतसारा लागणाऱ्या जमिनीवर पंचायत कर लावू शकत नाही. इमारतीवर लावू शकते. 2015 च्या सुधारित नियमांपासून आकारणी भांडवली मूल्यावर होते: जागेचा आणि बांधकामाचा सरकारी दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर. गोम इथेच आहे. नवी खोली सिमेंटची झाली, म्हणून बापजाद्यांचे मातीचे घरही नमुना 8 मध्ये पक्के लिहिले गेले, तर सगळ्या घराची पट्टी चढते. जुन्या भिंतीच्या वयाची घट मिळाली नाही, तरी तेच. आणि लक्षात ठेवा, नमुना 8 ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

चौथा मुद्दा वावरातला. बैल, अवजारे, कडबा, शेतमाल ठेवायला किंवा कुटुंबाने राहायला शेतात बांधलेली खोली 1966 च्या जमीन महसूल कायद्यात शेतघरच आहे. शहरालगतच्या भागात तेवढी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

घरपट्टी बुडवा, असे आम्ही म्हणत नाही. गावचा दिवा आणि नळ त्याच पैशावर चालतो. पण जे देणे लागतो तेच देऊ, आणि पावती घेऊनच देऊ.

गावी गेल्यावर तीन कामे करा. नमुना 8 चा उतारा काढून टेप घेऊन घर मोजा. फरक दिसला, तर आकारणी यादी लागते तेव्हा मुदतीत लेखी हरकत द्या. ऐकले नाही तर पंचायत समितीकडे अपील आहे. आणि ग्रामसभेत कराचे दर मोठ्याने वाचून दाखवायला लावा. बोंडातले सरकीचे वजन आपण काट्यावर तपासतो. घराचे मापही तसेच तपासू.