चित्रपटाची मालकी

दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर व सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापिलेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली, तेव्हा चित्रणगृह, रसायनशाळा, कपडेपट आणि मासिक वेतनावरील नटमंडळी हा सारा संसार एकाच आवारात, एकाच मालकीखाली नांदू लागला. १९३६ चा 'संत तुकाराम' इतका एकजीव उतरला, तो त्यामुळेच, असे माझे निश्चित मत आहे. दामले-फत्तेलाल तेथे दिग्दर्शकही होते आणि मालकही. हा योग विरळा. कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये चित्रपटाचा प्रथम स्वामी निर्माता, दिग्दर्शक नव्हे. वितरक त्याच्याकडून केवळ प्रदर्शनाचे हक्क, प्रांतवार व ठरावीक मुदतीपुरते, करारनाम्याने घेतो. प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी मात्र ही मालकी संपते आणि कृती सर्वांची होते.